ब्रेक दाबला की दिवे जातात

फौजेत भरती झालो तेव्हा अक्कानं मला दारात उभं करून ओवाळलं होतं. गल्लीतल्या बायकांनी डोळ्याला पदर लावले. सिकंदराबादचं ट्रेनिंग संपलं आणि माझं पहिलं पोस्टिंग निघालं बंगळूर कँटोन्मेंटला. आमच्या गाणिगरपेटेतल्या घरापासून सिटी बसनं अर्धा तास. पहिल्या रविवारी आउटपास घेऊन मी दारात उभा राहिलो, तेव्हा अक्का मला खालून वर न्याहाळत म्हणाली, "काय रे माणकू, हाकलून दिलं काय?"

साठ-एकसष्टच्या सुमाराची ही गोष्ट. मी क्राफ्ट्समन माणकोजी जगताप, ट्रेड व्हेइकल इलेक्ट्रिशियन. सिव्हिलियन लोकांना सांगायचं तर गाडीचं इंजिन, गिअर, चाकं यांच्याशी माझा संबंध नव्हता. गाडीत जे पेटतं आणि वाजतं ते माझं, आणि जे पेटायला-वाजायला हवं असून पेटत-वाजत नाही तेही माझं. आमचं वर्कशॉप एका ट्रान्सपोर्ट कंपनीला जोडलेलं होतं. कंपनीकडे तीन टनी ट्रक, दोन जीप आणि एक पाण्याची गाडी. वर्कशॉपचे उस्ताद हवालदार पिल्लै. ते मूळचे मदुरेकडचे, बोलायचे हिंदी आणि रागवायचे तमिळमध्ये. ते तमिळ बोलायला लागले की आम्ही जवळच्या गाडीखाली शिरायचो.

कंपनीत सातारा-कोल्हापूरची बरीच पोरं होती. ती माझ्या मराठीला हसायची. आमची घराणी तीनशे वर्षांपूर्वी इकडं आलेली, त्यामुळं आमच्या मराठीत कन्नड कधी मिसळलं ते आम्हालाही ठाऊक नाही. "स्वल्प पाना दे," असं मी म्हणालो की एकजण हटकून विचारायचा, "स्वल्प म्हणजे किती नंबरचा?" न हसणारा एकच होता, ड्रायव्हर बसवंत पाटील. खानापूर तालुक्यातला. त्याच्या मराठीतही कन्नड होतंच, त्यामुळं आमचं जमलं.

बसवंत बोलायला कमी आणि गाडी चालवायला देखणा. देखणा हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. खड्डा आला की तो गाडीला असा काही खाली उतरवायचा की मागं बसलेल्या जवानांची झोप मोडत नसे. त्याचं लग्न ठरलं होतं. मुलीच्या बापानं त्याला सरळ सांगितलं होतं, "शिपायाला मुलगी दिली नसती, ड्रायव्हर हायस म्हणून देतोय. फौजेतनं सुटलास तरी हातात काम राहील." ही हकिकत बसवंत स्वतःच सांगायचा आणि वर म्हणायचा, "मला काय नाही रे माणकू, स्टीअरिंगला पोरगी दिल्या त्यांनी."

आमचा दिवस हँडलनं सुरू व्हायचा. सकाळचं पहिलं स्टार्ट हँडल मारूनच करायचं, सेल्फ वापरायचा नाही, असा कंपनीचा नियम होता. त्यानं बॅटऱ्या टिकतात असं सांगत. बॅटऱ्या टिकायच्या की नाही देव जाणे, पण आमच्या ड्रायव्हरांचे दंड कुस्तीगीरांसारखे झाले होते. नियम लहान वाटतो, पण पुढं तो आमच्यावर चांगलाच उलटणार होता.

डिसेंबरात वार्षिक इन्स्पेक्शन असायचं. आदल्या वर्षी इन्स्पेक्शनला आलेल्या ब्रिगेडियर साहेबांनी एका ट्रकचं बॉनेट उघडलं. बॅटरीपासून चेसिसला एक जाड तांब्याची पट्टी बोल्टनं बांधलेली असते. साहेबांनी तिचा बोल्ट काढायला लावला, पट्टीखाली बोट घातलं आणि गंज लागलेलं बोट आमच्या कॅप्टन साहेबांना दाखवलं. या वर्षी कॅप्टन साहेबांनी आम्हाला महिनाभर आधी रांगेत फॉलिन केलं.

"पट्टी के नीचे भी ज़ंग नहीं दिखना चाहिए. समझे?"

"जी साब."

सगळ्यात मोठ्यानं "जी साब" मी म्हणालो होतो. नवा होतो आणि नाव कमवायचं होतं. मी प्रत्येक गाडीची ती पट्टी सोडवली. खालचं लोखंड घासून लख्ख केलं. त्यावर हिरव्या रंगाचे दोन हात मारले, वाळू दिले, परत एक हात मारला. मग पट्टी जागेवर बसवून बोल्ट आवळला आणि बोल्टलाही रंग लावला. पट्टीखाली रंग इतका चकचकीत होता की त्यात तोंड बघून दाढी करता आली असती. इन्स्पेक्शनला ब्रिगेडियर साहेबांनी पुन्हा बोट घातलं. बोट स्वच्छ निघालं. कॅप्टन साहेबांनी माझ्याकडं बघून मान हलवली. फौजेत कॅप्टननं क्राफ्ट्समनकडं बघून मान हलवणं म्हणजे काय ते फौजीलाच कळेल. मी घरी जाऊन ते अक्काला तीनदा सांगितलं.

त्यानंतरच्या दिवसांत हेडलाईटचे बल्ब फार उडायला लागले. स्टोअरवाला कुरकुर करायचा, "खातोस काय रे बल्ब?" माल खराब आला असेल असं म्हणून मी तो विषय संपवला. माल मी स्वतः तपासला होता आणि तो चांगला होता, पण हे सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न मलाच आला असता.

आमच्या कंपनीची एक गार्ड के. आर. पुरमच्या रेल्वे सायडिंगवर असायची. दर दोन दिवसांनी पहाटे ती बदलायची. त्या दिवशी गाडी बसवंतची होती. शेजारी सुभेदार कदम, मागं आठ जवान. बंगळूरला डिसेंबरात तळ्यांवरून धुकं उठतं आणि रस्त्यावर येऊन बसतं. गाडी जुन्या मद्रास रोडला लागली तेव्हा उजाडायचं होतं. बसवंतनं नंतर सांगितलं ते असं. समोर बैलगाडी दिसली. त्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून ब्रेकवर ठेवला. त्याच क्षणी दोन्ही हेडलाईट विझल्या आणि इंजिनानं उचकी देऊन दम सोडला. बैलगाडी होती तिथं आता नुसता काळोख होता. बैलगाडी जिथं नसेल असं वाटलं तिकडं त्यानं स्टीअरिंग फिरवलं. तिथं एका मोरीचा कठडा होता.

बैल वाचले. गाडीवानही वाचला. सुभेदार कदमांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मागच्या दोघा-तिघांना टाके पडले.

ट्रक ओढून वर्कशॉपमध्ये आणला. अपघाताची गाडी आली की आग लागू नये म्हणून आधी बॅटरी काढून बाहेर ठेवायची, ही पिल्लै उस्तादांची शिस्त. मग वर्कशॉपची मोठी बॅटरी चिमट्यांनी जोडायची, एक चिमटा वायरिंगला, दुसरा पुढच्या बंपरच्या हुकाला. मी जोडली. डावा दिवा फुटला होता, पण उजवा असा लख्ख पेटला की मी डोळ्यावर हात धरला. स्विच चालू, फ्यूज शाबूत, वायर कुठंही कापलेली नाही.

रिपोर्ट गेला: दिव्यांत दोष नाही.

म्हणजे चूक ड्रायव्हरचीच ठरत होती. ड्रायव्हर दिवे न लावताच गाडी चालवत होता किंवा झोपला होता. बसवंतवर निष्काळजीपणाचा चार्ज येणार, सोमवारी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसणार, बाहेरच्या युनिटचे मेजर साहेब येणार. चार्ज सिद्ध झाला की ड्रायव्हरचा ट्रेड जाणार. तोपर्यंत त्याला स्टीअरिंगला हात लावायची बंदी आणि ड्यूटी कुकहाऊसमध्ये, कांदे सोलायची.

"ब्रेक दाबला आणि दिवे गेले," तो ज्याला त्याला सांगायचा.

"ब्रेकचा आणि हेडलाईटचा संबंध काय रे?" लोक हसायचे. खरं सांगायचं तर मीही मनात हसलो होतो.

संध्याकाळी तो वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहायचा. अंगाला कांद्याचा वास.

"हॉस्पिटलात गेलो होतो. सुभेदार साहेब म्हणाले, बसवंता, तू झोपला नव्हतास हे मला ठावं हाय, कारण झोपलो होतो मी. पण दिवे होते का नव्हते ते मी कसं सांगू?"

"लग्नाचं काय?"

"लग्नाचं सोड. मागं आठ माणसं होती रे. माझ्या भरवशावर झोपली होती." तो खाली बघत होता. "दिवे लावायला मी विसरलो काय, असं आता माझं मलाच वाटायला लागलंय. तू बघ की एकदा."

मी बघितलं. ब्रेक दाबला की दिवे जातात तर दोष ब्रेकच्या स्विचमध्ये, असं ठरवून मी तो उघडला. काही नाही. मग डिपर उघडला. मग डॅशबोर्डमागचा सगळा वायरिंगचा गुंता बाहेर काढला आणि एकेक वायर तपासून परत जोडली. शेवटची वायर जोडून मी ब्रेक दाबला तेव्हा हॉर्न वाजला. पुढं कॅप्टन साहेब चालले होते. त्यांनी उडी मारली नाही, ते कॅप्टन होते, पण टोपी वाकडी झाली.

पिल्लै उस्ताद शांतपणे म्हणाले, "ब्रेक से हॉर्न बजाया. बहुत अच्छा. कल स्टीअरिंग से चाय बनाओ." आणि मग तमिळमध्ये सुरू झाले.

रविवारी उस्तादांनी बसवंतला माझ्याबरोबर आउटपास मिळवून दिला. कसा, ते मी विचारलं नाही. अक्कानं आम्हाला पोटभर जेवू घातलं. बसवंत चार घास खाऊन हात धुवायला उठला तेव्हा ती म्हणाली, "काय रे अण्णा, स्वल्प तरी जेव. उद्या कोर्टात उभा राहायला जोर नको काय?"

"सरी अक्का," म्हणून तो परत बसला.

दाजींकडं, म्हणजे अक्काच्या नवऱ्याकडं, एक जुनी काळी मोटार होती. लग्नसराईत नवरदेवाला मिरवायला ती भाड्यानं जायची. तिच्यावर दाजींचा फार जीव. घरात फौजी इलेक्ट्रिशियन आहे म्हटल्यावर दर रविवारी तिला काहीतरी व्हायचंच. त्या दिवशी, दिवे मंद होतात, अशी तक्रार होती. मोटार मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, आत अंधारच होता. बसवंतला मी ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. सिव्हिल गाडीच्या स्टीअरिंगला हात लावायची बंदी नव्हती. तेवढ्यानंही त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

इंजिन सुरू केलं, दिवे लावले. समोरच्या भिंतीवर दोन पिवळे गोळे उमटले. बॅटरीच्या टोकाला पांढरी बुरशी चढली होती. ती साफ करायची तर आधी इंजिन बंद करावं, हे कुठलंही पुस्तक सांगेल आणि पिल्लै उस्ताद तर तीन भाषांत सांगतील. पण दाजींची मोटार एकदा बंद पडली की परत सुरू करायला अर्धी गल्ली लागायची. म्हणून इंजिन चालू असतानाच मी चेसिसकडं जाणारं टोक ओढून काढलं.

इंजिन थरथरलं. ते बंद पडेल म्हणून बसवंतनं ॲक्सिलरेटर दाबला. भिंतीवरचे गोळे पिवळ्याचे पांढरेशुभ्र झाले.

"वा," दाजी म्हणाले. "झाली की दुरुस्त."

बसवंतनं पाय काढून ब्रेकवर ठेवला. दिवे विझले. इंजिनानं उचकी दिली आणि दम सोडला.

मग बसवंत म्हणाला, "माणकू. हेच. त्या सकाळी हेच झालं."

"परत," मी म्हणालो.

टोक बसवलं, दाजींनी घाम निघेपर्यंत हँडल मारलं, इंजिन लागलं, टोक काढलं. या वेळी बसवंतनं जिवाच्या आकांतानं ॲक्सिलरेटर दाबला. भिंत क्षणभर दिवसासारखी उजळली आणि टप टप करून दोन्ही बल्ब उडाले.

दाजी बल्बांकडं बघत होते. मी मात्र स्टोअरवाल्याची कुरकुर आठवत होतो.

आता सगळं एका रांगेत बसलं. घरातल्या दिव्याला दोन वायरी असतात. गाडीतल्या दिव्याला एकच असते, कारण दुसरीचं काम गाडीचं लोखंड करतं. वीज बॅटरीतून वायरनं दिव्याकडं जाते आणि लोखंडातून, त्या जाड पट्टीवाटे, बॅटरीत परत येते. पट्टी सुटली तर बॅटरी असून नसल्यासारखी. गाडी पळत असेल तोवर डायनमो दिवे चालवतो, उलट जोरात चालवतो, बल्ब उडवतो. पाय उचलला, इंजिन मंदावलं, की डायनमो थांबतो. अशा वेळी बॅटरीनं सांभाळायचं असतं, पण बॅटरीची वाटच बंद. ब्रेकचा आणि दिव्याचा संबंध नव्हता. संबंध पायाचा होता. माणूस ब्रेक दाबतो तेव्हा ॲक्सिलरेटर सोडतो.

पण ट्रकची पट्टी सुटलेली नव्हती. मी स्वतः आवळली होती. बसमध्ये बसेपर्यंत मी हेच घोकत होतो. हलसूरच्या तळ्याजवळ बस आली तेव्हा मी घोकायचं थांबलो.

"काय झालं रे?" बसवंतनं विचारलं. "तोंड का असं?"

"काही नाही. पट्टीखाली किती सुंदर रंग लावलाय ते आठवलं."

वर्कशॉपमध्ये उस्ताद नुसत्या बनियनमध्ये बसून दाढी करत होते. मी अपघाताच्या ट्रकचा बोल्ट काढला. पट्टी उचलली. खाली हिरवा रंग, आरशासारखा. लोखंड कुठंही उघडं नाही, आणि रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम वीज जात असेल तेवढीच. ती इंजिनाला कशीबशी पुरायची, दिव्यांना नाही. सेल्फ वापरला असता तर तो फिरलाच नसता आणि त्याच दिवशी दोष कळला असता. पण सकाळी आम्ही हँडल मारत होतो. आणि वर्कशॉपची बॅटरी मी जोडली होती बंपरच्या हुकाला, तर ती रंगाच्या वाटेनं जाणार कशाला?

उस्तादांनी अर्धी दाढी तशीच ठेवून वाकून बघितलं.

"किसने किया?"

"मैंने, उस्ताद."

"कितनी गाड़ी में?"

"सब में."

ते टूलबॉक्सवर बसले. तमिळ आलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. मग ते उठून तसेच, अर्ध्या दाढीचे, कॅप्टन साहेबांकडं गेले. परत आले तेव्हा ऑर्डर होती: कंपनीच्या सगळ्या गाड्या ऑफ रोड, एकही बाहेर काढायची नाही. दिवस मावळायच्या आत प्रत्येक पट्टीखालचा रंग खरवडून लोखंड उघडं करायचं.

सगळी कंपनी घासायचे एमरी पेपर घेऊन लागली. सातारकर पोरं दर गाडीला मला हाक मारून विचारत, "जगताप, स्वल्प खरवडायचं का पुष्कळ?" मी सगळ्यात आधी अपघाताचा ट्रक घेतला आणि बोल्टच्या आट्यांसकट सगळं सोन्यासारखं चकचकीत केलं. उत्साहाचं तेच. एका चुकीतून धडा घ्यावा आणि त्या धड्यानं दुसरी करावी, हे मला उपजतच यायचं.

सोमवारी सकाळी वर्कशॉपमध्येच कोर्ट बसलं. मेजर साहेब उंच, कोरडे, हातात छडी. कॅप्टन साहेबांनी थोडक्यात सगळं मांडलं. बसवंत सावधानमध्ये उभा, नजर समोर.

"दिखाओ," मेजर साहेब म्हणाले.

ट्रकमध्ये बॅटरी बसवलेली होती. मी हँडल मारलं. उजवा दिवा पेटला. उस्तादांनी ॲक्सिलरेटर सोडून ब्रेक दाबला. दिवा पेटलेलाच. परत. पेटलेलाच.

मेजर साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "पेंट कहाँ है?"

"साफ कर दिया, साब."

"इस गाड़ी का?"

"सब गाड़ियों का, साब."

"मतलब सबूत तुमने खुद साफ कर दिया. अब सिर्फ तुम्हारी ज़बान है. और तुम इसके दोस्त हो."

बसवंतकडं बघायची हिंमत होईना. दिव्यांबद्दल मला जे जे ठाऊक होतं ते खरं होतं, आणि ते सगळं एमरी पेपरनं पुसून मी केरात टाकलं होतं.

"साब, परमिशन," बसवंत म्हणाला. नजर समोरच.

"बोलो."

"पानी का गाड़ी, साब. शनिवार से सायडिंग पे है. वापस नहीं आया."

उस्तादांनी मान वळवली. कॅप्टन साहेबांनीही. सगळ्या गाड्या म्हणजे इथं हजर असलेल्या सगळ्या. पाण्याची गाडी के. आर. पुरमला गार्डबरोबर होती. कोणती गाडी कुठं आहे हे ड्रायव्हरच्या डोक्यात असतं, इलेक्ट्रिशियनच्या नाही.

कॅप्टन साहेबांनी सायडिंगला फोन लावला. "पानी की गाड़ी भेजो. कोई बॉनेट नहीं खोलेगा. दिन की रोशनी में धीरे आना."

आम्ही थांबलो. मेजर साहेबांनी चहा घेतला नाही. गाडी आली ती गेटमधून सरळ शेडमध्ये घेतली आणि दारं ओढून अंधार केला. बॉनेट उघडलं. पट्टीच्या बोल्टवर माझा हिरवा रंग जसाच्या तसा होता. मेजर साहेबांनी छडी कॅप्टन साहेबांकडं दिली आणि स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर चढले. इंजिनाचा आवाज वाढवला. दिवे भिंतीवर स्वच्छ पडले. मग त्यांनी पाय उचलला आणि ब्रेक दाबला.

अंधार. इंजिनाची उचकी. मग काहीच नाही.

अंधारात मेजर साहेबांचा आवाज आला. "अगेन."

तीनदा झालं. तिसऱ्यांदा ते खाली उतरले आणि बसवंतसमोर उभे राहिले.

"धुंध में, बैलगाड़ी सामने, लाइट गई. तुमने स्टीअरिंग क्यों घुमाया?"

"पीछे आदमी था, साब. आगे भी आदमी था. साइड में दिखा नहीं, तो सोचा उधर कोई नहीं होगा."

मेजर साहेबांनी छडी परत घेतली. "गाड़ी चलाओ," ते म्हणाले. "आज से."

त्यांनी कागदावर अपघाताचं कारण एका शब्दात लिहिलं: पेंट. मग कॅप्टन साहेबांना विचारलं, "ऑर्डर किसका था?"

"मेरा," कॅप्टन साहेब म्हणाले.

मला राहवलं नाही. "साब, ऑर्डर ज़ंग का था. पेंट मेरा था."

उस्तादांनी डोळे मिटले. मला सात दिवस पिठ्ठू परेड मिळाली, म्हणजे पाठीवर सामानानं भरलेली फौजी पिशवी बांधून मैदानाला पळत फेऱ्या. बसवंत पाण्याची गाडी मुद्दाम हळू चालवत माझ्या बाजूनं न्यायचा आणि खिडकीतून विचारायचा, "लिफ्ट पाहिजे काय?"

त्याचं लग्न झालं. कंपनीतले आम्ही चौघं खानापूरला गेलो. सासऱ्यानं मला विचारलं, "तुम्हीच काय ते रंगवाले?" सुभेदार कदमांचं हाड जुळलं, आणि ते पुढच्या वेळी गार्डला निघाले तेव्हा त्यांनी ड्रायव्हर म्हणून बसवंतचंच नाव सांगितलं. "झोपायला बरं पडतं," म्हणाले.

बासष्टनंतर आम्ही पांगलो. मी पुण्याकडच्या एका वर्कशॉपला आलो, बसवंत पंजाबात एका ॲम्ब्युलन्स युनिटला. पासष्टच्या लढाईत तो पुढच्या लायनीवरून जखमी आणायचा. एक खेप पोचवून तो पुढची आणायला निघाला, तेव्हा वाटेत गाडीवर गोळा पडला. बातमी मला उस्तादांच्या पत्रातून कळली. त्या पत्रात हिंदी, इंग्रजी, तमिळ, काहीच धड नव्हतं.

रजा मिळाली तेव्हा मी खानापूरला गेलो. वाटभर एकच विचार डोक्यात होता. त्या सोमवारी पाण्याची गाडी आली नसती, तर बसवंत कुकहाऊसमध्ये राहिला असता, आणि आज कांदे सोलत असता. हे मी त्याच्या बायकोला सांगायचं ठरवलं होतं. तिचं नाव शांता. ती पडवीत धान्य पाखडत होती. एक लहान पोरगी तिच्या पाठीला धरून उभी. मी बोलायला सुरुवात केली, पण तिनं सूप खाली ठेवून मला अडवलं.

"दादा, एकच विचारायचं होतं. पत्रात कोणी लिहिलं नाही. गाडीत माणसं होती काय, का रिकामी होती?"

"रिकामी होती, वहिनी. माणसं पोचवून निघाला होता. त्या खेपेतले सगळे वाचले."

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उठली.

"मग झालं," ती म्हणाली. "हातपाय धुवा. जेवायला वाढते."

जे सांगायला गेलो होतो ते मी सांगितलं नाही. जेवलो. पोरगी समोर बसून मी किती खातो ते मोजत होती. आता ती बेळगावात नर्स आहे आणि तिला दोन मुलं आहेत.

ड्रायव्हर बसवंत पाटील, तालुका खानापूर. त्याच्या गाडीत बसलेली माणसं पंजाबात, गढवालात, मद्रासकडं, कुठं कुठं म्हातारी झाली असतील. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना त्याचं नाव ठाऊक नसेल. म्हणून इथं लिहून ठेवलं.